दगडी पाल्याची हद्द

१२ जून

मृगाच्या सरी येऊन गेल्या आणि घरामागच्या बांधाला हिरवी किनार फुटली. त्यात निम्म्याहून अधिक दगडी पाला. आमच्या भोर तालुक्यात कोणी याला एकदांडी म्हणतं, कोणी कंबरमोडी. माझ्या माहेरी दगडी पालाच म्हणत, म्हणून मीही तेच लिहीन.

आज भिंग घेऊन बसले. खोड केसाळ, जमिनीसरशी सरपटणारं, आणि जिथं त्याचं पेर मातीला टेकलंय तिथं मुळं धरलेली. पानं समोरासमोर, कडा वेड्यावाकड्या दातेरी. बोट फिरवलं की खरखर लागते, कारण दोन्ही अंगांना ताठ लव आहे. मधूनच वीतभर उंच, एकही पान नसलेला दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल. मध्ये पिवळा गड्डा, भोवती पाचेक फिक्कट पाकळ्या, प्रत्येक पाकळीचं टोक तीन ठिकाणी कातरलेलं. भिंगाखाली कळतं की आपण पाकळी म्हणतो ते मुळात एक स्वतंत्र फूल आहे आणि गड्ड्यात तर फुलांची दाटी आहे. सूर्यफुलाच्या कुळाची ही रीतच. वाळल्यावर त्यातलं प्रत्येक बी केसांचा झुपका घेऊन वाऱ्यावर निघतं. बाकीचं रान उन्हाळ्यात करपून जातं, तेव्हाही हे कुठंतरी फुललेलं असतं. लहान निळी फुलपाखरं म्हणून तर याला सोडत नाहीत.

नोकरीत असताना आरोग्य केंद्राची रजिस्टरं भरण्यात हयात गेली. प्रसूती, लसीकरण, कुटुंबकल्याण, ताप, जुलाब. गावात निम्म्या जखमांवर आधी हा पाला लागतो आणि मग जमलं तर आमच्याकडे यायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याला रकाना नव्हता. आता निवृत्त आहे, तर ही वही त्या रकान्यासाठी.

२४ जून

तरव्यातलं तण काढताना शेजारच्या वहिनींच्या तर्जनीला खुरपं लागलं. मी बांधावरच होते. त्यांनी तोंडातून हूं की चूं काढलं नाही. खाली वाकून कोवळी पानं खुडली, जून पानं टाकून दिली. पदराला पुसून ती डाव्या तळहातावर घेतली आणि उजव्या अंगठ्याने रगडली. पानांचा गडद हिरवा लगदा झाला. बोट वर धरून रस पिळला, तो जखमेवर पडताच चरचरला असणार, कारण डोळे बारीक झाले. वर लगदा ठेवून अंगठ्याने घट्ट दाबला आणि दुसऱ्या बाईशी बोलत उभ्या राहिल्या. बोलणं संपेपर्यंत रक्त थांबलं होतं. जुन्या लुगड्याची चिंधी बांधून पुन्हा खाली बसल्या.

“बोट धुतलं असतं तर?” मी म्हणाले.

“आवं बाई, येवढ्याशाला काय व्हतंय?”

मला प्रश्न पडतो तो असा: रक्त पाल्याने थांबलं की अंगठ्याने? कापलं की बारीक रक्तवाहिन्या आपोआप आकसतात, रक्तातल्या बिंबिका तिथं चिकटतात आणि मग गुठळी धरते. निरोगी माणसाच्या लहान जखमेला यासाठी काही मिनिटं पुरतात, अट एवढीच की तेवढा वेळ ती दाबून धरायला हवी. माणसं दाबत नाहीत. दर क्षणाला उघडून पाहतात आणि धरलेली गुठळी मोडतात. पाला लावणारी बाई मात्र पाला टिकावा म्हणून दाबून धरते. निम्मं श्रेय या दाबण्याला आहे, असं मी मानते.

उरलेलं श्रेय पाल्याचं. त्याच्या रसाला तुरटपणा आहे, आणि तुरट रस कातडीच्या उघड्या भागाला आखडून धरतो. १९८०च्या दशकात आपल्याकडच्या प्रयोगशाळांत या पाल्याचा रस उंदरांना देऊन पाहिला गेला. जखम भरणं मंदावणाऱ्या स्टेरॉइडचा परिणाम तो काही अंशी उलटवतो, असं त्यात दिसलं. म्हणजे वहिनींचं अगदीच खोटं नाही. मात्र प्रयोगातल्या उंदराची जखम स्वच्छ पात्याने केलेली असते. वहिनींचं खुरपं कालपासून शेणखताच्या वाफ्यात पडलेलं होतं.

१७ जुलै

आषाढी. पुतण्या पुण्याहून आला आहे. मी बांधावरून पाला आणताना पाहून म्हणाला, “आत्या, आपल्या ऋषिमुनींनी किती खोल अभ्यास करून ठेवलाय ना!”

त्याच्यापुढे उपासाचं ताट होतं. मी म्हटलं, आधी ताटाकडे बघ. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही तिकडचाच. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपची जहाजं तिथं पोचली, त्यानंतर हे सारं इकडे आलं. दगडी पालाही त्याच मुलखातला. लिनियसने १७५३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं ते मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझकडच्या झाडावरून. चरकाने आणि सुश्रुताने हे झाड डोळ्यांनी पाहिलेलं असणं शक्य नाही.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं मी पाल्याची किंमत कमी केली. उलट मला त्याची किंमत वाढल्यासारखी वाटते. हे बी कोणत्या जहाजातून, कोणत्या गोणीला चिकटून आलं कोण जाणे, ते आपल्या बांधावर रुजलं. कोणा गुरुजींनी त्याचा गुण सांगितला नाही, कुठल्या पोथीत तो लिहिलेला नव्हता. बोट कापलेल्या कुणा बाईने जवळचा पाला चोळून पाहिला, बरं वाटलं, तिने जावेला सांगितलं, जावेने लेकीला. शेतात राबणाऱ्या माणसांनी एका अनोळखी तणाची पारख करून त्याला कामाला लावलं, आणि काही पिढ्यांत ते ‘आजीचं औषध’ झालं. ओसाडीचंही असंच, रानमोडीचंही. दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, दोन्ही याच कुळातल्या, आणि दोन्हींचा पाला लोक जखमेवर चोळतात.

ग्रंथात नाही म्हणून पाला खोटा ठरत नाही आणि आजीने सांगितला म्हणून तो पुराणातला होत नाही. पुतण्याला शेवटी एक गोष्ट सांगितली ती त्याला फार आवडली. आज अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत हेच झाड आहे. ते तिथं आणण्यावर कायद्याने निर्बंध आहेत.

२६ जुलै

चिखलणी करताना खाचरात एका पंधरा वर्षांच्या पोराच्या टाचेत जुना खिळा शिरला. त्याला माझ्या ओट्यावर आणला तेव्हा टाचेला पाला ठासून बांधलेला होता. आई म्हणाली, “रक्त लई न्हाई आलं बाई, थोडक्यात भागलं.”

रक्त आलं नाही हीच तर काळजीची बाब. विळ्याने कापलेलं तोंड उघडं असतं, वाहणारं रक्त थोडीफार घाण बाहेर काढतं. खिळ्याचं भोक अरुंद आणि खोल. आत चिखल, शेण, गंज जातो आणि वरून कातडी मिटते. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षं टिकतात आणि हवा नसलेल्या जागी वाढतात. म्हणजे खिळ्याचं भोक त्यांना हवं तसंच, आणि वरून पाल्याचा बोळा कोंबला की आणखी सोय. लोक म्हणतात, गंजाने धनुर्वात होतो. गंजाचा दोष नाही. गंजलेला खिळा मातीत पडलेला असतो, एवढंच.

बोळा काढला, साबण-पाण्याने टाच धुतली आणि पोराला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस देतात. पूर्वी टीटी म्हणत ती हीच, आता तिच्यात घटसर्पाचीही जोड असते. याला दहाव्या वर्षी शाळेत मिळाली होती. पण जखम मातकट आणि खोल, मधे पाच वर्षं गेलेली, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा दिली.

रात्री झोप येईना. नोकरीच्या सुरुवातीची बाळंतपणं आठवली. नाळ कापून तिच्यावर शेण किंवा चुलीतली राख लावायची रीत होती. तीही घराघरांतली जुनी, प्रेमाने केलेली. मग आठवड्याभराने बाळ दूध ओढेनासं होई, जबडा आवळला जाई, अंग धनुष्यासारखं वळे. गरोदरपणातली इंजेक्शनं, दवाखान्यातली बाळंतपणं आणि नाळेला काहीही न लावण्याचा नियम, या तीन गोष्टींनी ते थांबलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. उच्चाटन म्हणजे बाळांमध्ये तो अगदी दुर्मीळ झाला. मातीतला जंतू आहे तिथंच आहे.

१९ ऑगस्ट

शाळेत गाजरगवत सप्ताह चालू आहे. मुलांनी मैदानाच्या कडेचं गवत उपटलं, मास्तरांनी सगळ्यांच्या हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या ते फार शहाणपणाचं केलं.

गाजरगवतही अमेरिकेतून आलेलं आणि दगडी पाल्याच्याच कुळातलं. वरच्या आळीतल्या काकूंना त्याची भयंकर ॲलर्जी आहे. मान, कोपरांचे सांधे, पापण्या, सगळीकडे खाज आणि काळपट जाड कातडी. त्यांनी विचारलं, खाजेवर दगडी पाला चोळू का?

मी ठाम नाही म्हटलं. या कुळातल्या झाडांत काही द्रव्यं एकमेकांशी मिळतीजुळती असतात. गाजरगवताने ज्याची कातडी चिडलेली आहे, त्याला शेवंती-झेंडूसारख्या कुळभावांचाही त्रास होऊ शकतो. दुसऱ्याला लागू पडलेला पाला काकूंना पोळवू शकतो. काकू थोड्या नाराज झाल्या. म्हणाल्या, “सगळ्यांना चालतो, मलाच नाही होय?” होय. औषध म्हटलं की कुणाला चालतं आणि कुणाला नाही, हा प्रश्न येणारच. दुकानातल्या गोळीला आपण तो विचारतो, बांधावरच्या पाल्याला विचारत नाही.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. गल्लीतली पोरं पत्री गोळा करत हिंडत होती. एकवीस पत्रींमध्ये माका असतो. पोरींनी मोठ्या अभिमानाने माक्याची जुडी दाखवली. सगळा दगडी पाला!

ओट्यावर बसवून दोन्ही झाडं शेजारी ठेवली. माका ओढ्याकाठच्या ओलीत वाढतो, दगडी पाला कोरड्या कडेला. माक्याचं पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, कडा जवळपास सरळ. फूल लहान, पांढरं, आखूड देठाचं. दगडी पाल्याचं फूल उंच दांड्यावर एकटं. खात्री करायची तर माक्याचं पान चुरडून तळहातावर ठेवायचं, थोड्या वेळात रस काळा पडतो. पोरींना हा जादूचा प्रयोग वाटला. संध्याकाळपर्यंत प्रत्येकीचा हात काळा.

ही गल्लत पोरींचीच आहे असं नाही. भृंगराज म्हणून एकदांडी दिली गेल्याच्या नोंदी औषधी वनस्पतींवरच्या लिखाणात सापडतात. पूजेत चुकीचं पान गेलं तर गणपती रागावणार नाही. पण केसांच्या तेलात, काढ्यात, पोटात घ्यायच्या औषधात झाड नेमकं तेच हवं. दगडी पाला आमच्याकडे फक्त वरून लावतात. पोटात घ्यायला मी कुणालाही सांगत नाही.

२९ सप्टेंबर

खालच्या आळीतले नाना लंगडत चालले होते. मी पाय दाखवा म्हटलं तर टाळू लागले. अंगठ्याखाली नव्या चपलेने लागलेली जखम, तिच्यावर रोज ताजा पाला. लगदा काढला तर खाली पिवळट कडा आणि वास.

“दुखतंय का?”

“अजिबात न्हाई. पाल्यानं सगळी ठणक ओढून घेतली बघा.”

नानांना बरीच वर्षं साखर आहे. ठणक पाल्याने गेलेली नाही, ती आधीच गेली होती. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, रक्ताचा पुरवठा कमी पडतो आणि जंतूंशी लढायची ताकदही घटते. साखरेच्या माणसाची पायाची जखम दुखत नाही ही वाईट खूण. नानांना मात्र ते पाल्याचं यश वाटत होतं, आणि त्या समाधानात दिवस चालले होते. पाल्याने काही अपाय केला असेल नसेल, पण वेळ खाल्ला हे नक्की.

त्यांच्या सुनेला बोलावलं आणि दोघांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. जाताना नाना कुरकुरले, “येवढ्याशा फोडासाठी गाडीभाडं.”

१२ ऑक्टोबर

दसरा. ओट्यावर विळे, कोयते, खुरपी, कुदळ मांडून पूजा झाली. त्याआधी सकाळी ती सारी धुतली, गंज घासून काढला, धार लावली. वर्षातून एकदा का होईना, हत्यारांना साबण लागतो.

नानांची ड्रेसिंगं चालू आहेत. साखर आटोक्यात आणायला गोळ्या बदलल्या. अंगठा वाचेल असं डॉक्टर म्हणाले.

५ नोव्हेंबर

भातकापणी जोरात आहे. इंद्रायणी पिकून लोळायला लागली, त्यामुळे सगळ्यांची घाई. या दिवसांत जखमा ठरलेल्या: डाव्या मुठीत भाताचा चूड धरलेला असतो आणि विळा ओढला की करंगळी नाहीतर तिच्या शेजारचं बोट सापडतं.

आज वहिनींच्या शेतात पैऱ्याला गेलेल्या मुलीला लागलं. मी खाचराच्या टोकाला होते, पोचेपर्यंत वहिनींनी सगळं हातात घेतलं होतं. पिण्याच्या कॅनमधलं पाणी तांब्याने धारेने बोटावर सोडलं, चांगलं दोन-तीन तांबे. मग पाला खुडला, तोही धुतला. मग तिच्या बोटाकडे नीट पाहिलं, आणि पाला फेकून दिला.

“लय खोल हाय. हाड दिसल आसं वाटतंय. ह्याला पाला न्हाई चालायचा.” स्वच्छ रुमाल बोटाभोवती आवळला, मुलीला हात डोक्याच्या वर धरायला लावला आणि स्वतःच्या पोराला मोटारसायकल काढायला सांगितली. दवाखान्यात टाके पडले.

मी काहीच केलं नाही, पाहत राहिले. जूनमध्ये याच बाईने न धुता पाला दाबला होता. मी मधल्या काळात त्यांना भाषण दिलेलं नाही, पण खिळ्याचं पोर आणि नानांचा अंगठा त्यांनीही पाहिला आहे. ज्या रीतीने हा पाला गावात रुजला, त्याच रीतीने त्याची हद्दही ठरते: कुणाचं बरं झालं, कुणाचं बिघडलं, हे बघून. माझं काम त्या बघण्याला थोडी घाई करायचं.

९ नोव्हेंबर

आशाताई आल्या. खळ्यावर लावायला जखमांबद्दल चार ओळी लिहून द्या म्हणाल्या. मी लिहून दिल्या:

जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. मग कापडाने दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. खरचटलं किंवा वरवर कापलं असेल तर धुतलेला दगडी पाला लावलात तरी हरकत नाही. खोल जखम, खिळा-काटा, तोंड-डोळा-सांध्याजवळची जखम, भाजलेलं आणि साखरेच्या माणसाची कुठलीही जखम, यांवर पाला, हळद, चुना, तंबाखू काही लावू नका, दवाखान्यात जा. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी लस घ्या. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते घरात लिहून ठेवा.

आशाताई तिसऱ्या ओळीवर अडल्या. “बाई, आरोग्याच्या कागदावर झाडपाला कसा लिहायचा? वरून कुणी विचारलं तर?”

मी म्हटलं, ती ओळ काढली तर खालची ओळ कोण ऐकेल? लोक पाला लावणारच आहेत. कागदावर त्याचा उल्लेखच नसेल तर हा कागद आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जातील. पाल्याला त्याची जागा दिली तरच त्याला कुठं थांबायचं ते सांगता येतं. आणि विचारलंच कुणी, तर कागद माझा आहे, खाली माझी सही आहे.

बरीच वादावादी होऊन ओळ राहिली. वहिनींनी कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं, “आन् शेतात साबण कोण नेतंय?”

बरोबर आहे. कापणीच्या टोळीबरोबर पाण्याचा कॅन रोज जातो. त्याच्या मुठीला जुन्या मोज्यात साबणाची वडी घालून बांधली तर चिखलात पडणार नाही आणि कुणाला शोधावीही लागणार नाही. आशाताईंनी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं. अजून वरची खाचरं कापायची आहेत, तेव्हा उद्या पहिला मोजा मीच घेऊन जाते.